खाडीवरची गाडी आणि चुकलेली तारीख

आजचा विषय एक छायाचित्र आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्या बहुतेकांच्या नजरेखालून ते गेलेले असेल. दगडी कमानींचा लांबट पूल, कमानींखाली खाडीचे संथ पाणी आणि पुलावर छोट्या छोट्या डब्यांची आगगाडी. १६ एप्रिल जवळ आला की हे चित्र वर्तमानपत्रांत, स्मरणिकांत आणि मोबाइलवरच्या संदेशांत फिरू लागते. खाली ओळ ठरलेली असते: भारतातील पहिली रेल्वे, बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३. माझे म्हणणे असे की हे चित्र त्या दिवसाचे नाही, आणि ते त्या दिवसाचे असूच शकत नाही. हे सिद्ध करायला परदेशातले दफ्तर धुंडाळावे लागत नाही, आपल्या रोजच्या लोकलचा रस्ता नीट आठवला तरी पुरते. मात्र चूक दाखवून थांबलो तर काम अर्धेच होईल. तारीख चुकल्यामुळे या चित्राने खरी दिलेली साक्ष आपण ऐकलेलीच नाही. ती साक्ष ठाण्याइतकीच, किंबहुना ठाण्यापेक्षा जास्त, कल्याणची आहे.

आधी तो दिवस पाहू. १६ एप्रिल १८५३ हा शनिवार होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास २१ तोफांच्या सलामीत बोरीबंदरहून गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि ओढायला तीन इंजिने. साहिब, सिंध आणि सुलतान ही त्यांची परंपरेने सांगितली जाणारी नावे. ३४ किलोमीटरचा प्रवास साधारण तासाभरात संपवून गाडी ठाण्याला पोचली. तिथे तंबू उभारलेले होते, पाहुण्यांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था होती. तो सोहळा आटोपून संध्याकाळी मंडळी त्याच गाडीने मुंबईला परतली, आणि सोमवारपासून सर्वसामान्य प्रवाशांसाठी गाड्या सुरू झाल्या. ‘पहिली’ या शब्दालाही इथे मर्यादा आहे. मद्रासजवळच्या रेड हिल्सला दगड वाहण्यासाठी १८३७ सालीच रूळ घातले होते आणि रुडकीला कालव्याच्या कामावर १८५१ च्या डिसेंबरात वाफेचे इंजिन धावले होते. मुंबई-ठाण्याचा मान नियमित प्रवासी वाहतुकीचा आहे, आणि तो निर्विवाद आहे. आपल्या मुद्द्यासाठी यातली एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: त्या दिवशी गाडी ठाण्याला थांबली, कारण ठाण्यापुढे लोहमार्ग सुरूच झालेला नव्हता.

आता पूल कुठे आहे ते पाहा. लोकल ठाणे स्थानक सोडते, थोडा वेग घेते आणि कळवा येण्याआधी खाडी ओलांडते. या खाडीवरचे मूळ दगडी पूल, एक लांब आणि एक आखूड, ठाणे-कल्याण टप्प्याच्या कामाचा भाग होते. हा टप्पा वाहतुकीसाठी खुला झाला १ मे १८५४ रोजी, म्हणजे पहिल्या गाडीनंतर वर्ष उलटून गेल्यावर. मुंबईहून येणारी गाडी ठाण्याच्या फलाटावरच थांबत असेल, तर ती ठाण्यापलीकडच्या पुलावर दिसेल कशी? इंजिने किती, डबे किती, धूर कोणत्या बाजूला जातो, असल्या वादात शिरण्याचे कारणच उरत नाही. संग्रहांतही या चित्राला साधारणपणे १८५५ च्या सुमाराचा काळ दिलेला आढळतो. तो भूगोलाशी आणि मार्गाच्या इतिहासाशी जुळतो, १८५३ जुळत नाही.

याच मथळ्याखाली दुसरे एक चित्रही फिरते. तेही कमानींच्या पुलाचे आहे आणि त्याच्या जुन्या नोंदीत ‘दापूरी व्हायडक्ट’ असे नाव येते. हौशी मंडळी ही दापूरी ठाण्याच्या आसपास शोधतात. पण त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत पुण्याजवळची आजची दापोडी याच नावाने येते. मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान आणि वनस्पतींची बाग तिथे होती. पुलाची दापूरी ही दापोडीच असेल, तर तिथल्या रुळांवरून गाडी जायला १८५८ चा जून उजाडावा लागला, कारण खंडाळा ते पुणे हा टप्पा त्या महिन्यात सुरू झाला. म्हणजे पहिल्या गाडीचे म्हणून दाखवले जाणारे एक चित्र किमान वर्षभराने पुढचे आणि दुसरे बहुधा पाच वर्षांनी पुढचे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा: पूल औपचारिक उद्घाटनाच्या बराच आधी बांधून झाला असेल, चाचणीसाठी गाडी त्यावरून नेली असेल, आणि हे चित्र त्या चाचणीचे असेल. असेलही. कोणताही पूल प्रवाशांसाठी खुला करण्याआधी त्यावर भार घालून पाहतातच. पण मग ते चाचणीच्या गाडीचे चित्र ठरेल, पहिल्या गाडीचे नव्हे. निमंत्रितांची गाडी त्या शनिवारी ठाण्याला थांबली आणि तिथूनच मागे फिरली, याविषयी समकालीन वृत्तांतांत दुमत नाही. दुसरा आक्षेप असा: हा पूल ठाण्याअलीकडचा, बोरीबंदर आणि ठाणे यांच्या दरम्यानचा असेल. पण त्या मार्गाचे स्वरूप वेगळे होते. तिथली मोठी अडचण शीव आणि कुर्ला यांच्यामधली दलदल होती, आणि ती मातीचा भराव घालून पार केली गेली. ओढ्या-नाल्यांवर मोऱ्या आणि लहान पूल होते. रुंद पाणी ओलांडणारा कमानींचा प्रशस्त पूल बांधण्याची वेळ रेल्वेवर आली ती मुंबई-साष्टीची बेटे सोडून मुख्य भूमीवर पाऊल ठेवताना, आणि ते ठिकाण ठाणे.

मग त्या शनिवारचे छायाचित्र का नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. आज फलाटावर शिंकलो तरी चित्रण होते. म्हणून एवढा मोठा प्रसंग कॅमेऱ्यातून सुटला, हे आपल्या मनाला पटत नाही आणि मन जवळचे दुसरे चित्र उचलून रिकामी जागा भरते. पण छायाचित्रणाचे वय पाहा. दागेरने आपली रीत १८३९ मध्ये जगापुढे मांडली. काचेवरची ओली कोलोडियन पद्धत फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केली १८५१ च्या मार्चमध्ये, म्हणजे पहिल्या गाडीच्या अवघी दोन वर्षे आधी. त्या पद्धतीत छायाचित्रकाराला काय काय करावे लागे? काच घासूनपुसून लख्ख करायची. तिच्यावर कोलोडियनचा चिकट द्राव एका कोपऱ्यातून ओतून, काच तिरकी करत चारी कोपऱ्यांत सारखा पसरवायचा आणि उरलेला थेंब परत बाटलीत घ्यायचा. थर अर्धवट सुकला की अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच बंद चौकटीत घालून कॅमेऱ्यात सरकवायची, झाकण काढून काही सेकंद उजेड घ्यायचा आणि थर वाळायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन चित्र उठवायचे. हे सगळे काही मिनिटांत. कोकणातल्या एप्रिलच्या उन्हात थर लवकर वाळतो, हे सांगायला नको. म्हणजे छायाचित्रकार जिथे जाईल तिथे त्याची अंधारी राहुटी, बाटल्या आणि पाणी त्याच्यामागे जाणार. कागदी निगेटिव्हची जुनी रीत सोपी होती, पण तिला उजेड याहून कितीतरी जास्त वेळ लागे. दोन्ही रीतींत धावती गाडी टिपणे अशक्यच. हलणारी वस्तू नुसता धुरकट पट्टा होऊन उमटते किंवा उमटतच नाही.

हे ध्यानात घेऊन खाडीवरच्या चित्राकडे पुन्हा पाहिले की ते बोलू लागते. त्यात डबे सुटे सुटे ओळखता येतात. त्या काळच्या साधनांनी हे साधायचे तर गाडी पुलावर उभी हवी. याचा अर्थ कुणीतरी ती उभी केली, छायाचित्रकाराने खूण करेपर्यंत थांबवली आणि मग सोडली. चालू मार्गावर, पुलाच्या मध्यावर, असे करणे रेल्वे कंपनीच्या संमतीशिवाय कोणाला शक्य होते? म्हणून माझा निष्कर्ष असा की ही ओझरती टिपलेली घटना नव्हे, ठरवून घेतलेले चित्र आहे. पाहणाऱ्याने गाडीइतकाच पूल पाहावा, हा त्यामागचा हेतू. मांडणीही तेच सांगते: कॅमेरा स्थानकात नाही, इंजिनाजवळ नाही, दूर काठावर आहे, जेणेकरून सगळ्या कमानी चौकटीत याव्यात. असे काम करू शकणारी माणसे मुंबईत नेमकी याच सुमारास जमू लागली होती. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ च्या ऑक्टोबरात स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांत होते, आणि नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढत. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांचा छायाचित्रांचा मासिक अल्बम १८५६ पासून निघू लागला. पहिल्या गाडीच्या दिवशी यातले काहीच उभे नव्हते. खाडीचा पूल नवा असताना मात्र हे सगळे एकामागून एक आकाराला येत होते. चित्राचा काळ १८५५ च्या आसपासचा धरायला हाही एक आधार आहे. यात आपल्याकडचा काही कमीपणा नाही. इंग्लंडातली १८२५ ची स्टॉकटन-डार्लिंग्टन किंवा १८३० ची लिव्हरपूल-मँचेस्टर या मार्गांच्या पहिल्या गाड्यांचीही छायाचित्रे नाहीत, कारण तेव्हा छायाचित्रण जगापुढे आलेच नव्हते. असे प्रसंग वाचकांपुढे येत ते चितारून, लाकडी ठशांवर कोरून. छायाचित्र जसेच्या तसे वर्तमानपत्रात छापण्याची हाफटोन पद्धत रुळायला १८८० नंतरचा काळ यावा लागला.

आता मुख्य प्रश्न. चित्र पहिल्या गाडीचे नसेल, तर ते कशाचे आहे? रेल्वेची मूळ योजना पाहिल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. मुंबई सरकारचे अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला गेले असता त्यांना या मार्गाची कल्पना सुचली, असे सांगतात. ती कल्पना होती मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर या दोन घाटांना रुळांनी जोडण्याची. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई यांच्यासारखे मुंबईचे धुरीण १८४५ पासून ज्या प्रयत्नांत होते, त्यांचीही नजर घाटापलीकडे होती. खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरत असे, त्यात माल भिजे, मळे आणि दिरंगाई होई ती वेगळीच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ईस्ट इंडिया कंपनीशी १७ ऑगस्ट १८४९ रोजी जो करार केला तो ५६ किलोमीटरच्या मार्गाचा होता, आणि खानदेश-वऱ्हाडकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गाचा तो पहिला तुकडा ठरणार होता. हा आकडा फार बोलका आहे. मुंबईहून ठाणे ३४ किलोमीटरवर आहे, कल्याण ५४ वर. म्हणजे करारातला मार्ग ठाण्याचा नव्हताच. तो कल्याणचा होता. ठाणे हा त्यातला आधी तयार झालेला तुकडा. १६ एप्रिलला सोहळा झाला, पण करार प्रत्यक्षात उतरला तो १ मे १८५४ ला, खाडी ओलांडून आणि मुंब्र्याच्या डोंगराशी दोन बोगदे खोदून गाडी कल्याणला पोचली तेव्हा. त्यानंतर कल्याण हाच फाटा झाला: एक रूळ १८५५ मध्ये वाशिंदला पोचला, दुसरा १८५६ मध्ये खोपोलीच्या दिशेने घाटाच्या पायथ्याला. बोरघाट १८६३ साली खुला झाला, थळघाट १८६५ साली. खाडीचा पूल नसता तर मुंबईची रेल्वे बेटावरची रेल्वे राहिली असती.

म्हणून हे चित्र आरंभाचे नाही, ओलांडण्याचे आहे. कल्याणच्या दृष्टीने ते अधिकच मोलाचे. कल्याण हे प्राचीन बंदर, त्याचा उल्लेख ग्रीक खलाशांच्या प्रवासवर्णनातही सापडतो. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये ते जिंकल्यावर दुर्गाडीच्या काठी आरमाराची सुरुवात झाली असे मानले जाते. हे सारे महत्त्व पाण्याचे होते: उल्हास नदी, खाडी, गलबते. या चित्रात तेच पाणी पुलाखाली आहे आणि वाहतूक पुलाच्या वर गेली आहे. आज आपण ज्याला उपनगरी पट्टा म्हणतो, कळवा-मुंब्र्यापासून डोंबिवली-ठाकुर्लीपर्यंतचा, त्याची उभारणी याच वळणावर सुरू झाली. लोकांनी खाडीकाठ सोडून रुळांकडे तोंड केले ते इथून. डोंबिवलीत ज्यांचे घर आहे आणि मुंबईत ज्यांची नोकरी, त्यांच्या दिनक्रमाचा हा पहिला दस्तऐवज. आणि आपण त्याच्याखाली ‘बोरीबंदर ते ठाणे’ लिहून त्यातून त्यांनाच वगळतो.

आणखीही कुणाला वगळतो. या कामाचे निवासी मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली, १८५० पासून. मुंबई-ठाणे कामाच्या ठेकेदारांची, फेविएल आणि फाउलर यांची, नावेही इतिहासात आहेत. पण भरती-ओहोटीच्या खाडीत दगडी कमान उभी करणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. ओहोटीच्या वेळेत चिखल उपसून पाया खणायचा, भरती चढण्याआधी बाहेर यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खांब वर आले की त्यांच्यात लाकडी सांगाडा बसवायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी घडीव दगड रचत आणायचे आणि मध्यभागी कळीचा दगड ठोकून बसवायचा. तो बसेपर्यंत कमान स्वतःच्या बळावर उभी राहत नाही, सांगाडा काढल्यावरच तिची परीक्षा होते. हे पाथरवट, गवंडी, बिगारी चित्रात नाहीत. काम संपल्यावर चित्र घेतले जाते, तोवर हात निघून गेलेले असतात. अमेरिकेतही असेच घडले. १० मे १८६९ ला प्रोमोंटरी इथे पूर्व-पश्चिमेचे रूळ जुळले तेव्हा अँड्र्यू रसेलने काढलेले हस्तांदोलनाचे छायाचित्र जगप्रसिद्ध झाले. डोंगर फोडणारे हजारो चिनी मजूर त्या गर्दीत दिसत नाहीत. फरक एवढाच की तिथे गेल्या काही दशकांत लोकांनी तो प्रश्न चित्रालाच विचारला आणि त्या मजुरांच्या वंशजांना आज सन्मानाने बोलावतात. आपण अजून चित्राची तारीखही तपासलेली नाही. पण इथले माणसांचे श्रम दाखवण्यासाठी निराळे चित्र नको आहे. हेच पुरते: प्रत्येक कमानीत ते आहेत, फक्त कमानी पाहायला हव्यात, आणि त्या पाहायच्या तर नजर गाडीवरून खाली आली पाहिजे.

काही जण म्हणतील, एवढी चिकित्सा कशाला? लोक एका मोठ्या प्रसंगाची आठवण ठेवतात, चित्र प्रतीक म्हणून वापरतात, तारीख वर्षभराने इकडेतिकडे झाली म्हणून काय बिघडले? या युक्तिवादातली भावना मला समजते. पण प्रतीक वापरायचे तर ते प्रतीक आहे असे सांगता येते. १९५३ साली रेल्वेच्या शताब्दीला टपाल खात्याने जे दोन आण्यांचे तिकीट काढले त्यावर १८५३ चे आणि १९५३ चे इंजिन रेखाटलेले होते. रेखाटन होते, साक्षीचा दावा नव्हता, म्हणून त्यात फसवणूक नव्हती. छायाचित्राची गोष्ट निराळी. ते ‘मी तिथे होतो’ असे म्हणते आणि पाहणारा त्यावर विश्वास ठेवतो. त्याखाली चुकीची तारीख घालणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी दुसऱ्याच दिवशीचे शब्द घालणे. त्यातही ही चूक पिढीजात होते. एका स्मरणिकेतून दुसरीत, शाळेच्या फलकावर, तिथून विद्यार्थ्याच्या वहीत. मग पुढे कोणी १८५३ साली खाडीवर पूल होता असे गृहीत धरून ठाण्याचा इतिहास लिहायला बसेल, आणि त्याला चूक कुठे शिरली ते शोधता येणार नाही. याच काळातले, १८५५ चे, रॉजर फेंटनने क्रायमियात घेतलेले तोफगोळ्यांच्या दरीचे छायाचित्र आठवा. त्याच जागेची दोन चित्रे आहेत, एकात गोळे रस्त्यावर आहेत, दुसऱ्यात नाहीत. आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, यावर अभ्यासकांनी दगडांच्या किंचित सरकण्यापर्यंत जाऊन शोध घेतला. एका ओसाड दरीसाठी एवढे कष्ट लोक घेऊ शकतात, तर रोज लाखो माणसे ज्या खाडीवरून जातात तिच्या चित्रासाठी निदान स्थानकांचा क्रम तपासणे आपल्याला जड जाऊ नये.

शेवटी एका व्यावहारिक गोष्टीकडे येतो. १ मे ही तारीख आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची आणि कामगार दिनाची आहे, आणि तशीच ती राहणार. त्यामुळे कल्याणला रेल्वे पोचल्याचा दिवस कोणाच्या ध्यानात राहत नाही. तो वेगळा साजरा करावा असे मी म्हणत नाही. पण ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, म्हणजे थळघाट खुला होण्याच्याही आधीचे. अशा संस्थांच्या भिंतींवर, शाळांच्या फलकांवर आणि येत्या एप्रिलच्या स्मरणिकांत हे चित्र लावायचे असेल तर त्याखालची ओळ एवढीच असावी: ठाण्याच्या खाडीवरील रेल्वेपूल, ठाणे-कल्याण मार्ग, वाहतूक सुरू १ मे १८५४, छायाचित्र सुमारे १८५५. १६ एप्रिलसाठी त्या दिवसाचे वृत्तांत आहेत, पुढे निघालेली रेखाटने आहेत, ती वापरावीत.